लाकूड अचानक नाहीसं झालं तर?

(वडोदऱ्यात दांडिया बाजार भागात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय 'घरच्या सुतारकामातील सुरक्षितता' असा छापलाय. असलं नाव वाचून माणूस घरीच चहा पीत बसतो, तरी तुम्ही आलात.

माझी सगळी नोकरी फाउंड्रीसाठी, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यासाठी, लाकडी पॅटर्न बनवण्यात गेली; या लाकडी नमुन्यावरून ओतकामाचा साचा पाडतात. पॅटर्न शॉपमध्ये यंत्रं मोठी, पाती मोठी, पण आजूबाजूला माणसं असायची. कोणी भलतीकडे हात टाकला की पलीकडून आधी शिवी यायची, मग कारण कळायचं. आपल्या गावाला ही परंपरा नवी नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन हे तंत्रशिक्षणाचं विद्यालय काढलं आणि ते ज्यांच्या हाती दिलं ते त्रिभुवनदास गज्जर रसायनशास्त्राचे प्राध्यापक खरे, पण जन्म सुताराच्या घरातला. हाताचं काम कोणाच्या तरी नजरेखाली शिकायचं, ही त्यामागची रीत. आता मांजलपूरच्या नाहीतर गोत्रीच्या फ्लॅटमध्ये, मागच्या गॅलरीत, एकटा माणूस व्हिडिओ बघून ड्रॉवर बनवायला घेतो. हत्यारं कुरियरने घरपोच येतात. ती शिवी मात्र येत नाही.

तिच्याऐवजी मी तुम्हाला एक प्रश्न देतो. कुठलंही हत्यार चालवण्याआधी स्वतःला विचारायचं: समोरचं लाकूड या क्षणी नाहीसं झालं, तर माझा हात कुठे जाईल?

साधी पटाशी घ्या. डाव्या हाताने लाकूड धरलंय, उजव्या हाताने पटाशी पुढे रेटताय. लाकडात गाठ आली, पटाशी सटकली. कुठे जाईल? सरळ डाव्या तळहातात. मांडीवर लाकूड ठेवून काम करणाऱ्याची पटाशी मांडीत जाते, आणि मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रोहिणी जाते हे विसरू नका. उपाय एकच, लाकूड शिकंज्यात धरायचं आणि दोन्ही हात धारेच्या मागे ठेवायचे. शिकंजा नसेल तर फळीच्या एका टोकाला वरून आणि दुसऱ्या टोकाला खालून एकेक पट्टी ठोका. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकते, वरच्या पट्टीला लाकूड टेकतं. पंधरा मिनिटांचं काम आहे.

बोथट पटाशी धारदार पटाशीपेक्षा वाईट, हे तुम्ही ऐकलं असेल. त्याचंही कारण याच प्रश्नात आहे. बोथट पटाशीला जोर जास्त लावावा लागतो आणि ती सटकली की तो सगळा जोर हातासकट पुढे जातो. धारदार पटाशी मनगटाच्या जोरावर चालते. धार बघायला अंगठा फिरवू नका. मऊ लाकडाच्या कापलेल्या टोकावर चालवा. ढलपी सलग निघाली आणि खालचा भाग चकचकीत दिसला, तर धार आहे. भुगा पडला तर परत दगडावर.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, कारण बहुतेक बोटं तिथे जातात. मार्बल कटर. चार इंची पातं, स्वस्तातलं यंत्र, मुळात फरशी कापायचं. आपण त्याला लाकडाचं दातेरी पातं लावतो, प्लायला खाच पाडून यंत्र खालून उलटं बसवतो आणि म्हणतो, टेबल सॉ, म्हणजे टेबलातून पातं वर येणारी करवत, झाला. अशा यंत्रांचा वेग मिनिटाला बारा हजार फेऱ्यांच्या आसपास असतो. ११० मिलिमीटरच्या पात्याचा दाता त्या हिशोबाने तासाला जवळजवळ २५० किलोमीटरने धावतो. दचकून हात मागे घ्यायला माणसाला पाव सेकंद लागतो असं धरा. तेवढ्यात पात्याच्या पन्नास फेऱ्या होतात. तेव्हा 'मी लगेच हात काढून घेईन' हा विचार डोक्यातून काढून टाका.

आणि ही जखम उत्तरायणातल्या मांजासारखी नसते. मांजा चिरतो. हे पातं दीड-दोन मिलिमीटर रुंदीचं हाड आणि मांस भुसा करून नेतं. डॉक्टरला जोडायला मधला तुकडाच शिल्लक नसतो.

उलट्या लावलेल्या कटरमध्ये नेमकं काय बिघडतं ते नीट बघू. पात्याचे तुमच्या बाजूचे दाते खाली जातात, लाकडाला टेबलावर दाबतात. पलीकडच्या बाजूचे दाते वर येतात. लाकूड सरळ पुढे सरकतंय तोवर ठीक. पण ते जरा तिरकं झालं, किंवा लाकडातला ताण सुटून कापलेली फट मागे मिटली, तर ते मागच्या दात्यांना चिकटतं. दाते त्याला उचलतात आणि तुमच्या अंगावर फेकतात. फेकलेलं लाकूड पोटात लागतं, हे झालं अर्धं. दुसरं अर्धं कोणी सांगत नाही. ज्या लाकडावर तुमचा हात रेललेला होता ते हाताखालून गेलं, आणि हात जोराने पुढे, म्हणजे पात्यावर पडला. आपला प्रश्न इथे शब्दशः खरा होतो.

कारखान्यात बनलेल्या चांगल्या टेबल सॉला पात्याच्या मागे पोलादाची पातळ पट्टी असते. फट मिटू नये आणि लाकूड मागच्या दात्यांवर सरकू नये, एवढंच तिचं काम. उलट्या कटरला ती नसते आणि पात्यावर झाकणही नसतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की घरी असं टेबल बनवू नका. हात यंत्राच्या मुठीवर आणि लाकूड शिकंज्यात, अशी मांडणी करा. लाकडासाठी बनवलेला सात इंची सर्क्युलर सॉ घ्या. त्याचं खालचं झाकण स्प्रिंगने आपोआप मिटतं. फळीवर सरळ पट्टी शिकंज्याने आवळा आणि तिच्या कडेने सॉ चालवा. दोन्ही हात मुठीवर असले की पात्यावर पडायला हात उरत नाही. आठ बाय चारचं अठरा मिलिमीटरचं प्लाय तीस किलोच्या आसपास भरतं. ते एकट्याने पात्यावर ढकलण्यापेक्षा प्लायच्या दुकानातच मोठे तुकडे करून मिळतात का ते विचारा. यात कमीपणा काही नाही.

पातं विकत घेताना त्यावर कमाल वेग छापलेला असतो तो वाचा. तो यंत्राच्या वेगापेक्षा कमी असेल तर ते पातं त्या यंत्राचं नाही.

हातमोजे. लोकांना वाटतं, मोजे घातले की सुरक्षित. फिरत्या यंत्रावर नेमकं उलटं आहे. कातडी कापली जाते, पण मोज्याचं कापड दात्यात अडकतं आणि अख्खा हात आत खेचला जातो. राखी, मनगटावरची नाडाछडी म्हणजे पूजेचा लाल धागा, अंगठी, कडं, बायकांची ओढणी आणि पदर, यांचंही तेच. खरादावर, म्हणजे लाकूड फिरवून घडवायच्या लेथवर, पॉलिश करताना कापड बोटाला गुंडाळू नका. लगेच फाटेल असा कागद घ्या. आपल्या जवळच्या संखेड्याला खरादी फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात आणि घर्षणाच्या उष्णतेने लाख चढते, ते एकदा जाऊन बघा. डोळ्यांना चष्मा आणि कानात बोळे यावर मी वेळ घालवत नाही, घाला म्हणजे घाला.

वीज. काम चालू असताना वीज गेली की यंत्र थांबतं, पण बटण चालूच राहतं. माणूस दिवाणखान्यात जातो, चहा घेतो, परत येऊन पात्यात अडकलेली ढलपी बोटाने काढायला लागतो, आणि वीज येते. उत्तरायणाला मांजा तारांत अडकतो, वीज जाते आणि सगळे घरी असतात, तेव्हा हे हमखास होण्यासारखं आहे. वीज गेली की आधी प्लग उपटा. पातं बदलतानाही बटणावर नाही, प्लगवर विश्वास. घरात तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आमचे गुजराती मिस्त्री म्हणायचे, 'उतावळे आंबा न पाके.' जेवणाआधीचा शेवटचा एक काप, पाहुणे यायच्या आधीचा शेवटचा एक काप, हे दोन काप करू नका.

आता ज्या गोष्टी माझ्या प्रश्नात सापडत नाहीत त्या. एक म्हणजे भुसा. डोळ्यांना दिसतो तो भुसा खाली पडतो. न दिसणारी धूळ तासन् तास हवेत राहते आणि छातीत जाते. इंग्लंडमधल्या हाय विकम या फर्निचरच्या गावात १९६०च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आलं की कारागिरांना नाकाच्या आतला एक विरळा कर्करोग वाजवीपेक्षा खूप जास्त होतोय. पुढे १९९५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. हौशी माणसाने घाबरून जावं असं नाही, त्या लोकांनी वर्षानुवर्षं रोज ती धूळ घेतली होती. पण तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. एन-९५ मास्क घाला, आणि झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा किंवा व्हॅक्यूम लावा. सागाने आणि शिसवीने काहींच्या अंगावर पुरळ येतं, त्यांनी बाह्या लांब ठेवाव्यात, पण मनगटाशी घट्ट.

दुसरी गोष्ट फडकी. चपडी-स्पिरिटचं पॉलिश लवकर पेट घेतं, हे सगळ्यांना माहीत असतं. जवसाचं तेल, पॉलिशवाले ज्याला बेलतेल म्हणतात, ते गरीब वाटतं. पण ते वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. फडक्याचा बोळा करून कोपऱ्यात टाकला की आतली उष्णता बाहेर पडत नाही, आणि काडी न लावता बोळा पेटतो. फेब्रुवारी १९९१ मध्ये फिलाडेल्फियात वन मेरिडियन प्लाझा ही ३८ मजली इमारत याच कारणाने पेटली. बाविसाव्या मजल्यावर जवसाच्या तेलाची फडकी पडली होती. तीन अग्निशमन जवान गेले. आपल्याकडे मे महिन्यात बंद गॅलरी किती तापते ते मी सांगायला नको. फडकं उलगडून, एकेरी, बाहेर दोरीवर वाळवा. कडक झालं की मग टाका. तोवर ठेवायचं असेल तर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, पाण्यात बुडवून.

एवढं करूनही बोट तुटलंच तर? जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबा, हात वर धरा, १०८ ला फोन करा. तुटलेला तुकडा शोधा. वरची घाण हलकेच पाण्याने धुवा, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. थेट बर्फावर ठेवू नका, गोठलेला तुकडा जोडता येत नाही. घरातल्या माणसांना हे आजच सांगा, कारण त्या वेळी तुम्ही सांगायच्या स्थितीत नसाल.

मागच्या टेबलावर बारा मिलिमीटर प्लायच्या ढकलपट्ट्या ठेवल्यात, ज्यांच्याकडे आधीच टेबल सॉ आहे त्यांच्यासाठी. फूटभर लांब तळ, मागे लाकूड अडकायला सहा मिलिमीटरची टाच, आणि मूठ पात्याच्या बरीच वर. नुसती काठी लाकडाचं मागचं टोक ढकलते, ही वरून दाबतेसुद्धा. टाच झिजली की नवी करा. एकेक घेऊन जा, आणि ज्यांना प्रश्न आहेत त्यांनी पुढे या.