पंचम, जोड, जोड, खर्ज

(दृश्य: मिरजेतली सतारमेकर गल्ली. भोपळ्यांची रास. कोपऱ्यात उभा नवा तंबोरा.)

सांगलीहून मिरजेत आलात आणि या गल्लीत शिरलात, की आधी नजरेत भरतात ते वाळलेले, गरगरीत भोपळे. इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपण मात्र आज तंबोऱ्याचं, म्हणजे तानपुऱ्याचं, कौतुक बाजूला ठेवून त्याच्या तारा मोजणार आहोत. फक्त चार तर आहेत!

पहिली पंचमाची. मधल्या दोन एकाच षड्जाला, म्हणजे 'सा'ला लावलेल्या, म्हणून ती जोड. शेवटची पितळेची, खर्जाची, म्हणजे खालच्या सप्तकातल्या 'सा'ची.

(ध्वनी: चार तारा, सावकाश, एकेक.)

तारा चार, पण वेगळे सूर तीनच. गणितातला संच हे तीनच मोजेल. संचाला एवढंच कळतं, की अमुक वस्तू आत आहे की नाही. ती दोनदा लिहिली तरी एकदाच धरायची, आणि आधी कोण, नंतर कोण, हा प्रश्नच तिथे नाही.

क्रमिकेचा हिशेब निराळा. तिथे प्रत्येक जागेला क्रमांक असतो आणि त्या जागेवर बसतं ते पद. दुसरं पद षड्ज, तिसरंही षड्ज, दोन्ही मोजायची. दोन क्रमिका समान केव्हा? पहिल्याशी पहिलं, दुसऱ्याशी दुसरं, असं शेवटपर्यंत जुळलं तरच.

(दृश्य: कारागीर खुंटी पिळतोय.)

मग या चार तारा किती तऱ्हांनी लावता येतील? चारही वेगळ्या असत्या तर २४. जोडीतल्या दोन तारांची अदलाबदल कानाला कळत नाही, म्हणून निम्म्या, १२. ही रीत जुनी आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० च्या सुमारास, अंकपाश नावाचं प्रकरण आहे. २, २, १, १ या अंकांच्या किती संख्या होतात, असं ते विचारतात. उत्तर सहा. तिथलंच दुसरं उदाहरण विष्णूचं: शंख, चक्र, गदा, पद्म चार हातांत किती प्रकारे धरता येतील? २४. संध्येत म्हणतात ती केशव, नारायण, माधव ही नावंही चोवीसच. आयुधं तीच, हात बदलला की मूर्तीचं नाव बदलतं.

पुढच्याच शतकात, देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवानं संगीतरत्नाकरात सात स्वरांचे सगळे क्रम मोजले: ५०४०. मला थक्क करतं ते याच्या पुढचं. त्यानं हे क्रम ठरावीक शिस्तीनं मांडायचे ठरवले. तीन स्वरांपुरतं बघा:

(पडद्यावर एकेक ओळ: सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा.)

आता कोणी 'चौथा' म्हटलं, की आधीचे तीन न लिहिताही 'गसारे' सांगता आलं पाहिजे. याला म्हणतात नष्ट. उलट 'रेगसा' ऐकून 'पाचवा' म्हणणं, ते उद्दिष्ट. क्रमांकावरून वस्तू, वस्तूवरून क्रमांक. ५०४० ओळींचा कागद जवळ ठेवायची गरजच नाही.

एवढं असूनही 'आधी' म्हणजे नेमकं काय, हे संचाच्या भाषेत सांगणं विसाव्या शतकापर्यंत कोणाला नीट जमलं नव्हतं. १९२१ मध्ये पोलंडच्या कुरातोव्स्की या गणितज्ञानं सोपी युक्ती दिली. दोन डब्या घ्या. एकीत फक्त अ, दुसरीत अ आणि ब. दोन्हीकडे सापडतो तो पहिला. झाली क्रमित जोडी! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही चलाखी वाटली होती. अजूनही थोडी वाटते.

(ध्वनी: तंबोरा, अखंड.)

पण तंबोरा चार तारांवर थांबत नाही. खर्ज संपतो न संपतो तोच मधलं बोट पुन्हा पंचमावर. सूर गोल फिरू लागला, की मैफलीत उशिरा आलेल्याला पहिली तार कोणती, हे कसं कळावं? सुरुवात कुठूनही धरता येते म्हटल्यावर बारा क्रमांचे उरतात फक्त तीन. एकात पंचमामागोमाग खर्ज येतो. दुसऱ्यात जोडच फुटते, मध्ये खर्ज घुसतो.

तिसरा आत्ता वाजतोय तो.