डोळ्याला न कळणारा उजेड

मित्रहो, रात्री आकाश पाहणे आणि खिडकीत बियांपासून रोपे तयार करणे हे दोन विषय एका व्याख्यानात कसे बसवणार, असे सभागृहात येताना मला दोघातिघांनी विचारले. गेली अनेक वर्षे हे दोन्ही उद्योग मी एकाच घरात करत आलो आहे आणि त्यांच्या नोंदीही एकाच वहीत आहेत. दोन्हींकडून शिकायला मिळालेली मुख्य गोष्ट एकच आहे : उजेड मोजण्याच्या कामी आपला डोळा अजिबात भरवशाचा नाही. रात्री त्याचा हा दोष आपल्या पथ्यावर पडतो. दिवसा मात्र तो रोपांच्या मुळावर येतो.

आधी रात्रीचे पाहू. दिवे लावलेल्या खोलीतून बाहेर आलेला माणूस वर पाहतो, मोजके तारे त्याला दिसतात आणि आज आकाश काही खास नाही, असे म्हणून तो दोन मिनिटांत आत जातो. यात आकाशाचा काही दोष नसतो. अंधारात आल्यावर डोळ्याची बाहुली काही सेकंदांत मोठी होते; तरुण माणसात ती २ मिलिमीटरवरून ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, पण तेवढ्याने आत येणारा प्रकाश फार तर बारा पट वाढतो. खरे काम त्यानंतर दृष्टिपटलावर चालते. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी साधारण १० मिनिटांत आपली मर्यादा गाठतात, तर मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशींमध्ये ऱ्होडोप्सिन हे रंगद्रव्य पुन्हा साठायला अर्धा तास तरी लागतो. एवढ्या वेळात डोळ्याची संवेदनक्षमता हजारो पटींनी वाढते, आणि शेजारच्याने मोबाइलचा पडदा उघडला की ती सगळी कमाई क्षणात जाते. दंडपेशींना लाल रंग जवळजवळ दिसतच नाही, म्हणून नकाशा पाहण्यासाठी आम्ही मंद लाल टॉर्च वापरतो.

दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतातच. त्यामुळे काळोख्या आकाशात देवयानी दीर्घिकेचा फिकट ठिपका शोधताना थेट त्याच्यावर नजर रोखली, तर तो विरून जातो आणि नजर जराशी बाजूला नेली की परत उमटतो. २५ लाख प्रकाशवर्षे प्रवास करून आलेला हा प्रकाश डोळ्याच्या कडेने पाहावा लागतो, याचे मला आजही नवल वाटते.

आता याच डोळ्याने आपण दिवसा घरातला उजेड जोखतो आणि तिथे फसतो. लक्स हे उजेड मोजण्याचे एकक; निरभ्र दुपारी उघड्यावर सुमारे १ लाख लक्स उजेड असतो, चांगल्या उजळलेल्या खोलीत ३०० ते ५०० लक्स. म्हणजे खोलीतला उजेड बाहेरच्या उजेडाचा दोनशेवा भागसुद्धा जेमतेम भरतो, पण डोळा दोन्हींशी इतक्या सहज जुळवून घेतो की आपल्याला खोली लख्ख वाटते. रोपाला अशी तडजोड जमत नाही, कारण त्याला उजेड पाहायचा नसतो, खायचा असतो.

माझी पहिली टोमॅटोची रोपे याच भ्रमापायी गेली. खिडकीपासून दीडेक मीटरवर एक टेबल होते, तिथे मी दिवसभर दिवा न लावता वाचत असे. मग ट्रेही तिथेच ठेवला. आठव्या दिवशी सगळ्या बिया उगवल्या. पंधराव्या दिवशी रोपे बोटभर उंच झाली म्हणून मी खूश होतो. खरे पाहता ती दोऱ्यासारखी बारीक आणि फिकट होती, सगळी खिडकीकडे कललेली होती आणि झारीच्या पहिल्या जोरदार धारेने आडवी झाली. त्यांची ती उंची वाढीची नव्हतीच, उपासमारीची होती.

असे कलणे का घडते, याचा एक सुंदर शोध आहे. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गवताच्या कोवळ्या कोंबांच्या शेंड्यांवर टोप्या चढवल्या होत्या. टोपी घातलेले कोंब एका बाजूने येणाऱ्या उजेडाकडे वळेनात. शेंडा उघडा ठेवून खालचा भाग झाकला, तर मात्र वळत. म्हणजे उजेडाची दिशा शेंड्याला कळते आणि वाकतो तो खालचा भाग. मधला निरोप्या म्हणजे ऑक्सिन हे संप्रेरक, हे पुढच्या काळात स्पष्ट झाले : ते सावलीच्या बाजूला जास्त साठते, तिकडच्या पेशी अधिक लांबतात आणि कोंब उजेडाकडे झुकतो. पुष्कळजण यावर ट्रे रोज अर्धा फिरवण्याचा उपाय सांगतात. त्याने रोप सरळ राहते, पण उपाशी ते उपाशीच.

जागा निवडण्यासाठी मी आकाशनिरीक्षकाची युक्ती वापरतो. हात पुढे ताणून धरलेली मूठ आकाशात साधारण १० अंश व्यापते. ट्रे ठेवायच्या जागी डोके टेकवून खिडकीबाहेर पाहा आणि उघडे आकाश किती मुठी उंच आणि किती मुठी रुंद दिसते ते मोजा. ऊन थेट पडत नसेल, तर रोपाचा शिधा बहुतांशी तेवढाच. माझ्या टेबलावरून उंचीची एक मूठही भरत नव्हती, खिडकीच्या कठड्यावर पाच भरतात. शिवाय उष्ण कटिबंधाबाहेर माध्यान्हीच्या सूर्याची उंची वर्षभरात ४७ अंशांनी, म्हणजे जवळजवळ पाच मुठींनी बदलते, त्यामुळे हिवाळ्यात खोलीत खोलवर येणारे ऊन उन्हाळ्यात कठड्यावरच थांबते. खिडकी पुरेशी नसेल, तर रोपांच्या शेंड्यांपासून ५ ते १० सेंटिमीटरवर ट्यूबलाइट किंवा एलईडी नळी टांगावी आणि ती दिवसाकाठी १४ ते १६ तास चालू ठेवावी. नळी इतकी जवळ पाहून घरचे हसतात. तीच हातभर वर नेली, तर आपल्याला फरक जाणवत नाही, पण रोपाला जाणवतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल पेरावे. टोमॅटोला २० ते २७ अंश सेल्सिअस तापमान मिळाले, तर तो आठवड्याभरात वर येतो. मिरची दोन-तीन आठवडे घेऊ शकते, तोवर माती उकरून पाहू नये. माती सतत चिंब राहिली, तर बुरशीमुळे रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. म्हणून पाणी खालच्या ताटलीतून द्यावे आणि उरलेले काढून टाकावे.

रोपे बाहेर नेण्याची वेळ आली की डोळा पुन्हा दगा देतो. खिडकीतल्या उजेडाची सवय असलेली रोपे मी एकदा सकाळी सरळ उन्हात ठेवली. संध्याकाळी त्यांची पाने कागदासारखी पांढरी पडली होती. आता मी पहिल्या दिवशी त्यांना सावलीत तासभर ठेवतो आणि सात ते दहा दिवसांत उन्हाची वेळ वाढवत नेतो. डोळ्याला अंधाराशी जुळायला अर्धा तास लागतो, पानाला उन्हाशी जुळायला आठवडा.

शेवटी लेट्यूसबद्दल सांगतो. याच्या अनेक जातींचे बी मातीखाली दाबले तर उगवत नाही, त्याला उजेड लागतो. अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथील संशोधकांनी १९५२ साली दाखवले, की भिजलेल्या बियांवर लाल प्रकाश टाकला तर त्या उगवतात. त्यानंतर लगेच, लालच्याही पलीकडचा, आपल्याला जेमतेम दिसणारा अतिरक्त प्रकाश टाकला तर थांबतात. आणि असे आलटून पालटून कितीही वेळा केले, तरी शेवटचा प्रकाश कोणता होता त्यावरच निकाल ठरतो. उघड्या आकाशाच्या प्रकाशात लाल भरपूर असतो आणि पानांतून गाळून आलेल्या प्रकाशात अतिरक्त अधिक उरतो. त्यामुळे डोक्यावर दुसऱ्या झाडाची सावली आहे की नाही, हे बी असतानाच त्याला समजते. आमच्या टॉर्चमधला जो लाल रंग रात्रीच्या डोळ्याच्या गणतीतही नसतो, तोच या बियांना दिवस उगवल्याचे कळवतो. म्हणून लेट्यूसचे बी मी ओल्या मातीवर नुसते टेकवतो, वर माती लोटत नाही; आणि ट्रे अंधारात राहायला हवा असेल, तर रात्री वही शोधताना लाल टॉर्चचा झोत त्याच्यावर पडू देत नाही.