नावाऐवजी क्रमांक

[दृश्य: गणेशपेठ बस स्थानक, सकाळची वेळ. चेहरे नाहीत, फक्त हात, पिशव्या, चपला.]

भंडारा, उमरेड, काटोल या बाजूच्या एसटी गाड्या सकाळी नागपुरात रिकाम्या होतात, तेव्हा उतरणाऱ्या बऱ्याच जणांच्या हातात दवाखान्याच्या फायली असतात. कुणाला मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत जायचे असते, कुणाला गांधीबागेतल्या डागा स्त्री रुग्णालयात, तर कुणाला धंतोली किंवा रामदासपेठेतल्या एखाद्या खासगी दवाखान्यात. या गर्दीत पाळी चुकलेली, घरच्या घरी तपासणी करून खात्री झालेली आणि हे मूल आत्ता नको असे ठरवून आलेली एखादी बाईही असते. गोळीची किंवा सुईची भीती तिला वाटत असतेच. पण त्याहून मोठी भीती असते ती पहिल्या खिडकीवरच्या प्रश्नाची: सोबत कोण आले आहे, आणि सही कोण करणार?

त्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात 1971 पासून आहे. वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार अठरा वर्षे पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची संमती पुरेशी असते. नवऱ्याची, सासूची किंवा आईवडिलांची सही लागत नाही. वय अठराच्या आत असेल किंवा मानसिक आजार असेल, तरच पालकाची लेखी संमती घ्यावी लागते. तरीही 'मिस्टरांना घेऊन या' असे सांगून बाईला परत पाठवल्याचे किस्से ऐकू येतात, म्हणून ही गोष्ट आधी सांगितली. घरचे कुणी सोबत असेल तर चांगलेच, कारण परतीच्या प्रवासात आधार लागतो. पण सोबत असणे वेगळे आणि परवानगी देणे वेगळे.

[दृश्य: दवाखान्याची भिंत. काचेच्या चौकटीत मान्यता प्रमाणपत्र. शेजारी 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' हा फलक.]

खासगी दवाखाना असेल, तर भिंतीवर लावलेले मान्यता प्रमाणपत्र आत शिरतानाच पाहून घ्यावे. सरकारी रुग्णालयांना अशी वेगळी मान्यता लागत नाही. शेजारचा फलक 1994 च्या दुसऱ्या कायद्याखाली लागतो आणि त्याचा गर्भपाताच्या हक्काशी विरोध नाही, तरी तो वाचून अनेक जणी बिचकतात आणि आपण बेकायदा काही करत आहोत की काय, असे त्यांना वाटू लागते.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसाचा असतो. आठवडे त्या तारखेपासून मोजले जातात, त्यामुळे 'एकच महिना झाला' असे समजून आलेल्या बाईला सहा आठवडे सांगितले जातात आणि ती गोंधळते. वीस आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरांचे मत पुरते. 2021 च्या दुरुस्तीने ठरावीक परिस्थितींत, जसे बलात्कार, अल्पवय, अपंगत्व, गरोदरपणात आलेले वैधव्य किंवा घटस्फोट, ही मर्यादा चोवीस आठवड्यांपर्यंत वाढवली. तिथे दोन डॉक्टर लागतात. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळ निर्णय देते. 29 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या चोवीस आठवड्यांच्या मर्यादेत विवाहित आणि अविवाहित असा भेद चालणार नाही, असे स्पष्ट केले.

मग रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तगट. रक्तगट निगेटिव्ह निघाला तर एक इंजेक्शन द्यावे लागू शकते, ते पुढच्या गरोदरपणासाठी. पोटावरून सोनोग्राफी करायची असेल तर भरपूर पाणी पिऊन बाकावर ताटकळावे लागते, आणि ही वाट त्रासदायक वाटू शकते. सोनोग्राफीत गर्भ पिशवीतच, म्हणजे गर्भाशयातच आहे, गर्भनळीत नाही, हेही पाहता येते. मेडिकल स्टोअरमधून चिठ्ठीशिवाय आणलेली गोळी इथेच घात करते: गर्भ नळीत असेल तर तिचा उपयोग होत नाही, आणि नळी फुटली तर जिवावर बेतते.

[दृश्य: टेबलावर गोळ्यांचे पाकीट. एक गोळी वेगळी, चार एका रांगेत.]

नऊ आठवड्यांच्या आत असेल तर गोळ्यांचा मार्ग सुचवला जातो. पाकिटात पाच गोळ्या असतात. पहिली, मिफेप्रिस्टोन, बहुधा डॉक्टरांसमोरच घेतली जाते; उरलेल्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या एक-दोन दिवसांनी. त्यानंतर काही तासांत पोटात कळा येतात आणि पाळीपेक्षा जास्त रक्तस्राव होतो. म्हणूनच जाणते डॉक्टर बाहेरगावच्या बाईला एक साधा प्रश्न हमखास विचारतात: "ताई, तिसऱ्या दिवशी तुम्ही कुठे असाल?" त्या दिवशी एसटीत किंवा शेतावर असून चालत नाही, जवळ संडास हवा, माणूस हवे, दवाखाना गाठता यायला हवा. सलग दोन तास, तासाला दोन पॅड पूर्ण भिजत असतील, ताप उतरत नसेल किंवा स्रावाला दुर्गंधी येत असेल, तर वाट न पाहता निघायचे. थोडाफार रक्तस्राव मात्र आठवडा-दीड आठवडा चालतो, आणि तो घाबरण्यासारखा नसतो.

गोळ्या नको असतील किंवा चालणार नसतील, तर बारा आठवड्यांपर्यंत पिशवी हातपंपासारख्या प्लास्टिकच्या सिरिंजने रिकामी करतात. लोक याला सरसकट 'क्युरेटिंग' म्हणतात, पण जुन्या पद्धतीत धातूच्या हत्याराने पिशवी खरवडत असत आणि ती आता जागतिक आरोग्य संघटना सुचवत नाही. नव्या पद्धतीत बहुधा जागच्या जागी भूल देऊन काम दहा-पंधरा मिनिटांत आटोपते, पोटात पाळीसारख्या कळा येतात, आणि काही तासांच्या विश्रांतीनंतर घरी सोडतात. बारा आठवड्यांनंतर मात्र दाखल व्हावे लागते.

पुढे दिवस जाऊ नयेत म्हणून तांबी, इंजेक्शन, गर्भनिरोधक गोळ्या यांची चर्चा त्याच दिवशी होते, कारण पुढची पाळी येण्याआधीच पुन्हा दिवस जाऊ शकतात. बाईने ऐकावे, हवे तर निवडावे. तांबी बसवली तरच गर्भपात करू, अशी अट घालणे योग्य नाही.

[दृश्य: रजिस्टरचे जाड पान. पेनाची निब एका आकड्यावर थांबते.]

आता पुन्हा सहीकडे. संमतीपत्राचे नाव फॉर्म सी. बाईने त्यावर सही किंवा अंगठा केला की ते पत्र, डॉक्टरांच्या मतासह, पाकिटात घालून मोहोरबंद केले जाते आणि पाकिटावर 'गोपनीय' असा शेरा लिहिला जातो. याखेरीज तिचे नाव फक्त एका प्रवेश नोंदवहीत असते आणि ती वही कायद्याने अधिकार असलेल्या माणसाखेरीज कुणालाही उघडून दाखवता येत नाही. केसपेपर, शस्त्रक्रियागृहाची वही, पुढच्या तपासणीचे कार्ड, या सगळ्यांवर नावाच्या जागी त्या वहीतला अनुक्रमांक लिहायचा, असा नियमच आहे. कायद्याने अधिकार नसलेल्या माणसाला डॉक्टरांनी तिची ओळख सांगितली, तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

[दृश्य: पंधरा दिवसांनी. तोच बाक, तीच खिडकी.]

गोळ्या घेतलेल्या बाईला पंधराव्या दिवशी पुन्हा बोलावतात, पिशवी पूर्ण रिकामी झाली का ते पाहण्यासाठी. तपासणी थोडक्यात होते. खिडकीवरची सिस्टर हात पुढे करते, बाई पदराच्या गाठीतून घडी घातलेले कार्ड काढून देते, आणि सिस्टर वर न पाहता त्यावरचा आकडा वाचून तिला आत सोडते.