थ्री नॉट थ्रीच्या नळीत उकळतं पाणी का ओततात? तेलवाल्यांच्या सगळ्या प्रश्नांना उत्तर

नमस्कार मंडळी. एक रील सध्या सगळीकडे फिरतंय आणि ते मला पाठवायचं तुम्ही काही थांबवत नाही. एक परदेशी गृहस्थ ली-एनफिल्डच्या, म्हणजे आपल्या थ्री नॉट थ्री रायफलच्या नळीत किटलीने उकळतं पाणी ओततोय. खाली आपल्याच लोकांच्या कमेंटी. "लोखंडात पाणी? वेड लागलंय का?" "आमच्या कोतमध्ये (शस्त्रं ठेवायच्या खोलीत) असं केलं असतं तर रगडा लागला असता." आणि लगेच त्याखाली एक माजी सैनिक काका: "आम्ही फायरिंगनंतर दरवेळी हेच करायचो." झालं, जुंपली.

तर काका बरोबर आहेत. रीलवाला मात्र अर्धाच बरोबर आहे, कारण तो चुकीच्या टोकाने ओततोय. त्यावर येतोच.

आधी पटकन ओळख, कारण हे बहुतेकांना माहीत आहे. .३०३ म्हणजे थ्री नॉट थ्री. आपल्याकडे सगळ्यात जास्त वापरली गेली ती १९०७ची नंबर १ मार्क ३, बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात बनलेली. बोल्ट अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीनंतर बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) हाताने मागे-पुढे करायचा. मॅगझिनमध्ये १० राउंड, म्हणजे काडतुसं, पाच-पाच धरणाऱ्या दोन चार्जर क्लिपांनी भरायचे. सफाईला बसण्याआधी मॅगझिन बाहेर, बोल्ट मागे, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला, जिथे काडतूस बसतं) डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही बघा. एवढं सांगायची गरज पडू नये. पुढे.

आज टेबलावर रायफल नाही. "खरी दाखवा" म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्या, .३०३ आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर आहे, म्हणजे साध्या परवान्यावर मिळत नाही. म्हणून हा लोखंडी पाइप, ही पुल-थ्रूची, म्हणजे नळीतून चिंदी ओढायची दोरी आणि या दोन वाट्या.

[क्लोजअप: काचेच्या दोन वाट्या, एकीत रॉकेल, दुसरीत गरम पाणी. चमचाभर मीठ]

हे कमी सोडियमचं मीठ, किराणा दुकानातलं. पाकिटाच्या मागे वाचा, साध्या मिठाबरोबर पोटॅशियम क्लोराइड लिहिलेलं असतं. जुन्या काडतुसाच्या बुडाशी जी कॅप असते, जिच्यावर स्ट्रायकर (बोल्टमधली पिन) आपटतो, तिच्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. ठिणगी पडली की क्लोरेट आपला ऑक्सिजन देऊन टाकतं आणि मागे उरतं हेच पोटॅशियम क्लोराइड. म्हणजे मीठ. दर गोळीमागे त्याचा बारीकसा फवारा अख्ख्या नळीत बसतो.

आता बघा. रॉकेलमध्ये मीठ टाकलं. ढवळतोय. ढवळतोय. तळाला जसंच्या तसं. आता पाण्यात... गेलं. शंभर मिली पाणी २० अंशाला सुमारे ३४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड पोटात घेतं, उकळतं असेल तर ५६ च्या आसपास. रॉकेल, डिझेल, पेट्रोल, इंजिन ऑइल, गन ऑइल यांतलं कुणीच ते घेत नाही. संपला विषय.

पण तुमच्यासाठी संपत नाही हे मला माहीत आहे. पुढची कमेंट तयारच असते: "आम्ही चिंदी पांढरी निघेपर्यंत तेलाने पुसायचो, मग मीठ कुठून राहील?"

अहो, चिंदी काळी होते ती काजळीने. जळलेल्या दारूची आणि गोळीच्या धातूची ती घाण तेलाने निघते आणि चिंदी पांढरी होते. मीठ आहेच पांढरं, आणि इतकं बारीक की दिसतही नाही. पांढऱ्या चिंदीने एवढंच कळतं की काजळी गेली. मीठ खाली लोखंडाला चिकटून आहे आणि तुम्ही त्याच्यावर तेलाचं पांघरूण घातलंय. तिसऱ्या दिवशी कोरडी चिंदी ओढा, तांबूस निघेल. जुने लोक म्हणायचे नळीला घाम फुटला. तो घाम लोखंडातून येत नाही. तेलाचा थर जिथे विरळ झाला तिथून मिठाने हवेतलं पाणी ओढलेलं असतं.

इथे कमेंटमधलं एक जुनं भांडण मिटवून टाकू. एक काका सांगतात, "जैसलमेरला होतो, कधी पाणी घातलं नाही, एक डाग पडला नाही." दुसरे ईशान्येतले, म्हणतात एका रात्रीत नळी लाल झाली. दोघंही खरं बोलतायत. हे मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळायला लागतं ते आर्द्रता साधारण ८४-८५ टक्क्यांच्या वर गेली की. वाळवंटात ते गुपचूप पडून राहतं. कोकणात जुलै महिन्यात हवा याच्या वरच असते. तेव्हा रत्नागिरीकरांनी जैसलमेरच्या काकांचा सल्ला ऐकू नये.

दुसरी लाडकी सूचना: "पाण्यात खायचा सोडा टाका, न्यूट्रल होईल." काय न्यूट्रल होईल? हे आम्ल नाहीच. मीठ आधीपासून न्यूट्रल आहे, त्याला मारायचं नसतं, धुवून काढायचं असतं. परदेशी मंडळी अमोनियाचा काच-क्लीनर मारतात आणि अमोनियाचे गोडवे गातात. अमोनिया तांब्याचा थर काढायच्या कामाचा. मीठ काढतं ते त्या बाटलीतलं पाणी. म्हणजे महागाचं पाणीच झालं.

मग उकळतंच का, नळाचं का नाही? नळाच्या पाण्यानेही मीठ निघतं. उकळत्याचा फायदा असा की नळी बाहेरून हात लावता येणार नाही इतकी तापते आणि आत उरलेलं पाणी तिच्या गरमीनेच उडून जातं. थंड पाणी राइफलिंगच्या, म्हणजे नळीच्या आतल्या वळणदार खाचांत राहतं, मग मिठाची गरजच नाही, गंज तसाही येतो. रील बघून दोन कप कोमट पाणी ओतणाऱ्यांनी इथे थांबावं. दोन ते तीन लिटर लागतं, आणि खळखळ उकळलेलं.

आता क्रम. सगळा घोळ इथेच होतो, म्हणून सावकाश ऐका.

रेंजवर फायरिंग संपलं, नळी अजून कोमट आहे. तिथल्या तिथे तेलाची चिंदी ओढतात. "म्हणजे आधी तेलच की!" म्हणून उड्या मारू नका. हे तात्पुरतं झाकण. परत जाऊन पाणी उकळेपर्यंतच्या काही तासांत हवा लागू नये म्हणून. त्याने सफाई झाली असं ज्यांना वाटलं, त्यांच्याच नळ्या गेल्या.

परतल्यावर त्याच दिवशी कोरड्या चिंदीने ते तेल काढायचं. तेलाच्या थरावरून पाणी नुसतं घसरून जातं. मग बोल्ट बाहेर. नंबर १ वर लिव्हर वर उचलायचं, बोल्ट पूर्ण मागे घ्यायचा, बोल्ट हेड (बोल्टचं पुढचं टोक) वर उचलून स्प्रिंगमधून सोडवायचं आणि बोल्ट मागे ओढायचा. बोल्टच्या हँडलवरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळलाच पाहिजे. चार रायफली एकत्र साफ करताना बोल्ट अदलाबदल झाले तर हेडस्पेस, म्हणजे बोल्ट आणि काडतुसाच्या बुडामधली जागा, बिघडतं. मग कधी कॅपवर टोला हलका बसतो, कधी काडतूस मागून फाटतं. एका टेबलावर एकच रायफल उघडा.

आता नळीचं तोंड खाली आणि चेंबर वर. लांब नळीचं फनेल चेंबरमध्ये घट्ट बसवा आणि पाणी चेंबरकडून तोंडाकडे जाऊ द्या. रीलवाला तोंडाकडून ओततोय आणि बोल्ट आतच ठेवलाय. म्हणजे नळीतलं सगळं मीठ आणि काजळी वाहून चेंबरमध्ये, बोल्टवर, मॅगझिनच्या खाचेत. घाण घराबाहेर काढायच्या ऐवजी देवघरात आणून ठेवली.

फनेल घट्ट हवं याचं दुसरं कारण लाकूड. फोरएंड (नळीखालचं लाकूड) आणि नळीच्या फटीत पाणी शिरलं तर लाकूड फुगतं आणि नळी खालून गंजते. वरून चकचकीत, खालून खड्डे. आणि हे तपासायला म्हणून घरगुती शूरवीर स्क्रूड्रायव्हर घेऊन बट (खांद्याला टेकणारं लाकूड) काढायला निघतात. नंबर १ वर फोरएंड काढल्याशिवाय बटचा लांब बोल्ट फिरवायचा नाही. त्याचं पुढचं चौकोनी टोक फोरएंडमधल्या पट्टीत अडकलेलं असतं. फिरवलात की फोरएंड मागून उभा चिरतो. ते काम आर्मररचं, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याचं.

पाणी झालं. नळी गरम असतानाच कोरड्या चिंद्या ओढायच्या.

[क्लोजअप: पुल-थ्रू. एका टोकाला पितळी वजन, दुसरीकडे तीन फासे]

वजनाच्या बाजूचा पहिला फासा तारेच्या गॉझसाठी, म्हणजे जाळीसाठी. मधला चिंदीसाठी. शेवटचा फासा, चिंदी अडकलीच तर दोरी उलटी ओढून काढायला. चिंदी ४ बाय २ इंच, फ्लॅनेलची. एकच. "दोन घातल्या की लवकर होतं" असं म्हणणाऱ्यांची दोरी नळीत तुटते, आणि मग तुटकी दोरी काढायला वरून सळई ठोकून ते खाचांची वाट लावतात.

वजन चेंबरमधून सोडा, तोंडातून बाहेर येऊ द्या, आणि एका दमात सरळ ओढा. सरळ म्हणजे नळीच्या रेषेत. हे बघा, मी पाइपच्या काठावर दोरी तिरकी घासतोय. रोज तिरकी ओढली तर धूळ बसलेली ही दोरी तोंडाच्या काठाला एका बाजूने खाच पाडते. गोळी बाहेर पडताना मागचा वायू त्या बाजूने आधी सुटतो आणि गोळीला ढकलतो. नळी आतून आरशासारखी, तरी ग्रुपिंग पसरलेलं, म्हणजे गोळ्या एका जागी न लागता विखुरलेल्या, अशी रायफल दिसली की आधी तोंडाचा काठ बघा. गॉझचंही तसंच. तो हट्टी घाणीसाठी आहे, रोजच्या परेडसाठी नाही. फायर न झालेल्या रायफलीसुद्धा रोज घासून घासून झिजवल्या गेल्या आहेत.

बोल्टचा चेहरा, म्हणजे काडतुसाला टेकणारी पुढची बाजू, विसरू नका. कॅपमधून थोडा वायू मागे येतो, त्याच्यासोबत मीठही. गरम पाण्याने ओली केलेली चिंदी चेहऱ्यावर, एक्स्ट्रॅक्टरच्या (काडतूस ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) खाली, स्ट्रायकरच्या भोकाभोवती. मग कोरडी. बोल्ट उकळत्या पाण्यात बुडवायची गरज नाही, आत स्प्रिंग आहे.

सगळं कोरडं झाल्यावर, आणि नळी थंड झाल्यावर, तेल. चिंदी आता थोडी लहान, ४ बाय दीड, कारण तिने तेल पसरवायचं आहे, पुसून न्यायचं नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी कोरडी चिंदी ओढून बघा. तांबूस निघाली तर मीठ राहिलंय. पुन्हा पाणी. पुन्हा तेल नव्हे, पुन्हा पाणी!

पुढच्या फायरिंगआधी नळी आणि चेंबर कोरडं पुसायचं. तेलकट चेंबरमध्ये काडतुसाचं पितळ भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो. ली-एनफिल्डचे लॉकिंग लग, म्हणजे बोल्टला जागेवर धरणारे खुंट, मागे आहेत, त्यामुळे धक्का वाढला की बोल्ट आणि बॉडी जास्त दबतात, आणि गोळी नेहमीच्या जागी लागत नाही. पावसात भिजलेल्या राउंडांचंही तेच.

"एवढी कटकट, म्हणजे रायफल बेभरवशाची?" उलट. १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या ईप्रच्या चिखलात कॅनडाच्या जवानांकडे रॉस रायफल होती. नेमबाजीला झकास, पण चेंबर घट्ट, आणि जरा जाड काडतूस किंवा माती आली की बोल्ट बुटाने लाथा मारून उघडावा लागायचा. जवान जखमी-मृत ब्रिटिशांच्या ली-एनफिल्ड उचलायला लागले आणि १९१६ मध्ये रॉस आघाडीवरून गेली. ली-एनफिल्डचं चेंबर सैल, म्हणून ती घाणीत चालते. मीठ गंज आणतं, पण त्याच दिवशी रायफल बंद पाडत नाही.

तिची खरी अडचण रिमची. काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. वरच्या राउंडची कड खालच्या राउंडच्या कडेमागे गेली की बोल्ट दोघांना ढकलतो आणि अडतो. सुटे राउंड भरताना प्रत्येकाची कड आधीच्याच्या पुढे ठेवा. अडलेल्या रायफलीला शिव्या देण्याआधी मॅगझिन बघा. आणि २६/११ ला पोलिसांच्या हातात थ्री नॉट थ्री होती हे उदाहरण देणाऱ्यांनो, तिथला फरक बोल्ट अ‍ॅक्शन आणि ऑटोमॅटिकच्या वेगातला होता, सफाईचा नव्हे.

काडतूस कोणतं हे बुडावर बघा. 'केएफ' असेल तर किरकी, म्हणजे आपल्या पुण्याची खडकी. जुन्या केएफ .३०३ ला मीठवालीच समजायचं. परवान्याच्या .३१५ वाल्यांनी विचारलंय, आम्ही पण पाणी घालायचं का? ती इशापूरची रायफल, अ‍ॅक्शनही ली-एनफिल्डच्याच घराण्यातली. पेटी जुनी असेल, कॅपबद्दल खात्री नसेल, तर घाला. नीट सुकवलंत तर पाण्याने काही बिघडत नाही.

शेवटचा प्रश्न खोबरेलाचा. नको. २४-२५ अंशांखाली ते गोठतं, महाबळेश्वरच्या थंडीत स्ट्रायकर त्यात रुतेल, आणि उन्हाळ्यात हवेने खवट होईल. जवसाचं तेल लाकडाला चालतं, तळहाताने चोळून, अगदी पातळ. पण तो हात धुतल्याशिवाय बोल्टला लावायचा नाही, जवस सुकून डिंक होतो.