सुट्टी झाल्यावरचे पंधरा दिवस

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी, बचत गटांच्या ग्रामसंघासमोर एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

मावश्यांनो, ताईंनो, आणि तिकडं पारावर बसलेले भाऊ, तुम्हीही जवळ या. आजचं निम्मं बोलणं तुमच्यासाठीच आहे.

कापसाची पहिली वेचणी सुरू झाली की आमच्या दवाखान्यात दरवर्षी हेच दिसतं. आठवड्याआधी गर्भाची पिशवी साफ करून घरी गेलेली, नाहीतर दुर्बिणीनं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेली बाई पोट धरून परत येते. विचारलं की सांगते, "दोन दिवस पडून होती डॉक्टरबाई, मंग वेचाले गेली." घरच्यांनी तिचा छळ केलेला नसतो. सकाळी ऑपरेशन झालं, संध्याकाळी सुट्टी मिळाली, म्हणजे बाई बरी झाली असं त्यांना मनापासून वाटतं. पण सुट्टी होते तेव्हा आतली जखम ओलीच असते. ती घरी भरायची असते, आणि तिला कोणी पाहत नाही.

पहिला दिवस भुलीचा. गुंगीचं इंजेक्शन दिलं असेल तर चोवीस तास डोकं जड राहतं, चालताना तोल जातो. अशा बाईला मोटारसायकलवर मागं बसवून खड्ड्यांच्या रस्त्यानं नेऊ नका. झोपेत हात सुटून पडल्याच्या घटना होतात. ऑटो करा, काळी-पिवळी करा, सोबत एक बाई द्या. त्या दिवशी तिला चुलीजवळ एकटी ठेवू नका, कुठल्या कागदावर सही किंवा अंगठाही घेऊ नका. कमरेत सुई देऊन भूल दिली असेल आणि उठून बसलं की डोकं फुटेल असं दुखत असेल, आडवं झालं की थांबत असेल, तर ते डॉक्टरांना कळवा. त्यावर उपाय आहे. आणि घरी आल्यावर सहा-आठ तासांत लघवी झाली पाहिजे. संडास लांब आहे म्हणून पाणी पिणं टाळणाऱ्या बाया मला माहीत आहेत. या दिवसांत तसं करू नका.

आता रक्ताचं बोलू, कारण सगळ्यात जास्त भीती त्याचीच असते आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही त्याकडेच होतं. पिशवी साफ केल्यावर दोन-तीन दिवस पाळीसारखं रक्त जातं, ओटीपोटात कळा येतात. मग ते कमी होत जातं, तपकिरी डाग पडतात. कोणाला चार दिवस, कोणाला दोन आठवडे. एक दिवस थांबून पुन्हा डाग दिसला तरी घाबरू नका. पण "लय रक्त जाऊन राह्यलं" एवढंच फोनवर सांगितलं, तर आशाताईला काय कळणार? म्हणून पॅड मोजा. बदललं की लेकराच्या वहीत वेळ लिहा. या पंधरवड्यात जमलं तर कापडाऐवजी पॅडच वापरा, कारण कापडावर मोजमाप नीट कळत नाही. कापडच असेल तर साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवा, कोणी पाहील म्हणून दुसऱ्या लुगड्याखाली दडवू नका. एक पॅड तासाभरात पूर्ण भिजलं, पुढचंही तासाभरात भिजलं, लिंबाएवढ्या गाठी पडल्या, किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळची वाट पाहायची नाही. 108 ला फोन करा. ती गाडी फुकट आहे, आणि रात्री फोन करायला सासऱ्यांची परवानगी लागत नाही. ताप 100.4 च्या वर गेला, अंगावर घाण वासाचं जायला लागलं, किंवा पोटदुखी दिवसेंदिवस कमी व्हायची ती वाढत चालली, तर तेही थांबण्यासारखं नाही. आशाताईकडे थर्मामीटर असतं, हात लावून अंदाज करत बसू नका.

दुर्बिणीच्या ऑपरेशनचं थोडं वेगळं आहे. त्यात पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. काम झालं की तो काढतात, पण थोडा आत राहतो आणि छाती-पोटाच्या मधल्या पडद्याला टोचतो. त्या पडद्याची आणि खांद्याची नस एकाच ठिकाणाहून निघते, म्हणून दुखतो खांदा. बायकांना वाटतं हृदयाचं काही झालं, कोणी म्हणतं बाहेरचं लागलं. दोन-तीन दिवसांत तो वायू अंगात जिरतो. हळूहळू घरातल्या घरात चाला, कोमट पाणी प्या. छातीत दाब आणि दम लागत असेल तर मात्र वेगळी गोष्ट, लगेच दाखवा. टाक्यावर हळद, राख, शेण काही लावायचं नाही. बेंबीजवळची जागा कोरडी राहिली पाहिजे, आणि आपल्या उन्हाळ्यात घामानं ती ओली होते, तेव्हा स्वच्छ सुती फडक्यानं टिपत राहा. सातव्या दिवशी टाके दाखवायला या. नसबंदीनंतर पुढं कधी पाळी चुकली तर "आपलं तर ऑपरेशन झालं आहे" म्हणून बसू नका. क्वचित गर्भ राहतो, आणि तो नळीत असला तर जिवावर बेततं.

कामाबद्दल भावांनी ऐकावं. आराम म्हणजे पंधरा दिवस खाटेवर पडणं नव्हे. पडून राहिलं तर पायात रक्ताच्या गाठी होऊ शकतात. चालायचं, भाकर थापायची, लेकराला मांडीवर घ्यायचं. नसबंदीनंतर सरकारी सूचनाच अशी आहे: 48 तासांनी हलकं काम, आणि दोन आठवड्यांत हळूहळू नेहमीचं. हापशी मारणं हे हलकं काम नाही, तिथं सगळा जोर ओटीपोटावर येतो. डोक्यावरची भरली गुंडी नाही. ओटी बांधून वाकून वेचणं, सोयाबीनची सोंगणी हीही नाही. मजुरी बुडते, हे मी जाणते. म्हणून तातडीचं नसेल तर तारीख हंगाम पाहून घ्या, आणि गटानं त्या आठवड्याचं पाणी वाटून भरावं. हे तुमच्या ग्रामसंघाच्या हातात आहे.

साफ केल्यावर पिशवीचं तोंड थोडे दिवस उघडं असतं. म्हणून रक्त थांबेपर्यंत, निदान दोन आठवडे, नवरा-बायकोचे संबंध नकोत. हे बाईला बोलता येत नाही, म्हणून मी इथं सगळ्यांसमोर बोलते. डॉक्टरांनी वेगळी मुदत सांगितली असेल तर ती पाळा.

गर्भ पडल्यामुळे साफ केली असेल, तर आणखी दोन गोष्टी. बाईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर 72 तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शनबद्दल विचारा, नाहीतर पुढच्या बाळाला धोका राहतो. दुसरं म्हणजे पाळी चार ते सहा आठवड्यांनी येते, पण दिवस त्याआधीच राहू शकतात. आणि ती रडली तर रडू द्या. "पुढं होईल" म्हणून तिला गप्प करू नका.

खाण्याचं थोडक्यात सांगते. भात-वरणानं टाक्यात पू होत नाही, पू जंतूंनी होतो. वरण, अंडी, पालेभाजी, भाकर सगळं खा. लोहाच्या गोळीसोबत चहा नको, लिंबूपाणी चालतं. शौच काळी झाली तर ती गोळीमुळे.

शेवटी एका ताईनं विचारलं, "पिशवी साफ केली, तरी पाळीत लय जातेच. मंग काढूनच टाकू का?"

ताई, आधी मला सांगा, साफ करताना काढलेला तुकडा तपासायला पाठवला होता, त्याचा रिपोर्ट आणला का? पुष्कळ बाया तो न्यायलाच येत नाहीत. चाळिशीनंतर तर त्यावरच पुढचं सगळं ठरतं. रिपोर्ट साधा असेल तर गोळ्या आहेत, पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन आहे. रक्त कमी आहे का, थायरॉइड आहे का, तेही पाहायचं. पिशवी काढणं मोठं ऑपरेशन आहे, त्याला पंधरा दिवस पुरत नाहीत. आणि काढायचीच ठरली, तर अंडाशय ठेवणार की तेही काढणार, हे सही करण्याआधी विचारा. तरुणपणी ते गेले तर हाडं लवकर ठिसूळ होतात. उद्या येताना ते डिस्चार्ज कार्ड घेऊन या, आपण सोबत वाचू.