आधी मुलाचं रक्त

(सांगलीतील एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, आणि एवढ्या पावसात छत्र्या सांभाळत आलेल्या तुम्हा सगळ्यांना नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘मूल होऊ देण्याआधीची जनुकीय वाहक तपासणी’. वेळ दिलाय पाऊण तास. संयोजक म्हणाले, सोपं सांगा. सोपंच सांगतो, अवघड माझं मलाही समजत नाही. माझी सगळी नोकरी मिरजेत गेली, रक्ताच्या ट्यूब आणि काचपट्ट्या बघण्यात. मिरज म्हणजे एका गल्लीत दवाखाने आणि दुसऱ्या गल्लीत तंबोरे. मी चुकून पहिल्या गल्लीत शिरलो.

विषयाकडे येतोच, पण आधी एक किस्सा. माझ्या घरच्यांना तो पाठ आहे, म्हणून ते आज आलेले नाहीत.

लॅबमध्ये एक दिवस तिघं आले. एक लग्नाचा मुलगा, त्याचा चुलता आणि मुलीचे वडील. मुलीचे वडील तासगावकडचे बागायतदार, त्यांनी टेबलावर आधी द्राक्षाची पेटी ठेवली. पेटी दिसली की मी सावध होतो. साखरपुडा झालेला, कार्यालय ठरलेलं, आणि चुलत्यानं कुठंतरी ऐकलं की नवरा-बायकोचा रक्तगट एकच असेल तर मूल होत नाही, झालं तर धड निपजत नाही. दोघांचाही ओ पॉझिटिव्ह. झालं, बोलणी अडली. मुलीचे वडील मला बाजूला घेऊन म्हणतात, “डाक्टर, पोरीचा रिपोर्ट परत करा. बी येतंय का बघा की. एक अक्षर तर बदलायचं हाय!”

हसताय, पण या सभागृहातल्या निम्म्या लोकांनी हे कुठल्या ना कुठल्या लग्नात ऐकलंय. म्हणून एकदाच सांगून टाकतो. रक्तगट एक असण्यानं काहीही बिघडत नाही. भानगड होते ती आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर. त्यावर अँटी-डीचं इंजेक्शन आहे आणि ते तालुक्याच्या गावातही मिळतं. त्यासाठी लग्न मोडायचं कारण नाही.

तर, रक्तगट बदलणार नव्हताच, पण आलेच आहेत म्हणून मुलाचं रक्त घेतलं. मशीनमधून सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद आला. हिमोग्लोबिन १२.८, लाल पेशी ६४ लाख, एमसीव्ही ६४. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, तो साधारण ८०च्या वर हवा. पेशी बारक्या आणि संख्येनं भरपूर. लोह कमी असलं तरी पेशी बारीक होतात, पण तेव्हा त्यांची संख्याही रोडावते. एमसीव्हीला लाल पेशींच्या आकड्यानं, म्हणजे दशलक्षांनी, भागा. उत्तर १३च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजाराचा दोष अंगात असल्याची, शंका घ्या. हा मेंटझर निर्देशांक, १९७३पासून पुस्तकात आहे. ६४ भागिले ६.४, किती? दहा. शाब्बास, चौथीचं गणित.

आणि माझं गाऱ्हाणं इथंच आहे. या पोराला गेली कित्येक वर्षं कुणी ना कुणी लोहाच्या गोळ्या देत होतं. दर वेळी सीबीसी झालेली, दर वेळी तो आकडा कागदावर छापलेला, आणि दर वेळी बघणाऱ्यानं फक्त हिमोग्लोबिनखाली पेनानं रेघ मारून गोळ्या लिहिलेल्या. आपण कागदाचे पैसे देतो आणि त्यातली एकच ओळ वाचतो! (एक खुलासा. गरोदर बायकांनी हे ऐकून गोळ्या बंद करायच्या नाहीत. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासायला सांगा, इतकंच.)

मी म्हटलं, मुलाची एचबीए-टू तपासणी करू. (हा हिमोग्लोबिनचा एक प्रकार, थॅलेसेमिया मायनरमध्ये तो वाढलेला असतो.) चुलते एकदम ताठ. “आमच्या पोराला काय झालंय? पोरीची करा.” मी सहज विचारलं, मुलगी नात्यातली का? मुलीचे वडील म्हणाले, “म्हंजे काय, भाचाच की माझा.”

घ्या! मामाची पोरगी. रक्तगटावरून लग्न अडलेलं, आणि दोघांचे आजी-आजोबा एकच. त्याबद्दल कुणाला शंका नव्हती, उलट कौतुक होतं. आपल्याकडे मामाची मुलगी करायची, आत्याची नाही, ही रीत इरावती कर्व्यांनी नातेसंबंधांवरच्या अभ्यासात नोंदवून ठेवलीय. घर माहितीतलं असतं, मुलगी आत्याकडेच जाते, जमीन-जुमल्याचं बोलणं सोपं पडतं. मी त्या रीतीची टिंगल करायला आलेलो नाही. मला फक्त हिशोब मांडायचाय.

जनुक म्हणजे सातबाराच्या दोन प्रती समजा, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एका प्रतीत चूक असली तरी दुसरीवर काम चालतं. अशा माणसाला वाहक म्हणायचं, थॅलेसेमियात ‘मायनर’. तो धडधाकट असतो, शेती करतो, तालमीत जातो, त्याला पत्ताही नसतो. भारतात बीटा थॅलेसेमियाचे वाहक शंभरात तीन-चार, म्हणजे या सभागृहातही असणार. सिंधी, पंजाबी, लोहाणा अशा काही समाजांत जास्त. दोन वाहक एकत्र आले, तर प्रत्येक गर्भारपणात चारात एक शक्यता की बाळाला दोन्ही चुकीच्याच प्रती मिळतील. ‘पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन चांगली’ असं नसतं. दर वेळी डाव नवा.

आता मुलगा वाहक आहे आणि मुलगी परक्या घरातली, तर ती वाहक असायची शक्यता साधारण तिसात एक. तीच मामाची मुलगी असेल तर आठात एक. आणि तो दोष मुलाला आईकडून आलाय असं कळलं, तर चारात एक. म्हणून नात्यातल्या लग्नाला बंदी नको, पण तपासणी आधी हवी.

त्या मुलाचं एचबीए-टू आलं ५.२. साडेतीनच्या वर म्हणजे वाहक. मग मुलीचं केलं, २.६. लग्न झालं, मला जेवायचं बोलावणं आलं, चुलत्यांनीच वाढलं.

दोन्ही प्रती चुकीच्या मिळाल्या की होतो तो थॅलेसेमिया मेजर. तो म्हणजे काय हे ज्यांना बघायचंय त्यांनी रक्तपेढीत जावं. दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, जन्मभर. त्या रक्तातलं लोह हृदयात आणि यकृतात साठतं, ते काढायला रोजची औषधं. सहा-सात वर्षांची पोरं तिथं बाही स्वतःच वर करतात आणि सिस्टरला सांगतात, “आज डावा हात, उजवा सुजलाय.” देशात दर वर्षी अशी दहा-बारा हजार मुलं जन्माला येतात.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं. म्हणजे मूळ विषयाला दहा मिनिटं! चालायचंच.

मग माझं म्हणणं थेट सांगतो. आधी मुलाचं रक्त तपासा. थॅलेसेमियासारख्या आजारात बाळाला धोका व्हायला दोघंही वाहक लागतात, त्यामुळे एकाची तपासणी चांगली आली की दुसऱ्याची सहसा गरज उरत नाही. सुरुवात कुणापासूनही केली तरी गणित तेच. पण आपल्याकडे सुरुवात मुलीपासून होते, आणि तीही बहुतेकदा दिवस गेल्यावर. नुसती वाहक निघाली तरी ‘हिच्या रक्तात खोट आहे’ हे गावभर होतं, पुढं धाकट्या बहिणीची स्थळंही अडतात. मुलगा वाहक निघाला तर कुणाचं काही अडत नाही. मग ज्याचं अडत नाही त्याच्यापासून सुरू करा ना! दिवस आधीच गेले असतील तर मात्र थांबू नका, दोघांची एकदमच करा.

अपवाद आहेत. हिमोफिलिया आणि डुशेन नावाचा स्नायूंचा आजार यांचे दोष एक्स गुणसूत्रावर असतात, आईकडून मुलाकडे जातात. आईच्या माहेरी कुणाला असे आजार असतील तर तिचीच तपासणी लागते. सिकलसेल विदर्भात आणि नंदुरबारकडे जास्त, त्यासाठी १ जुलै २०२३पासून राष्ट्रीय मोहीम आहे. एसएमए या स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराचं एक इंजेक्शन सोळा कोटींचं, ते तुम्ही बातम्यांत वाचलंय. त्याचे वाहक साधारण पन्नासात एक. रक्ताच्या किंवा लाळेच्या एका नमुन्यावर शेकडो आजारांची तपासणी करणारे पॅनेल आता मिळतात, खर्च हजारांत. एचबीए-टूचा शेकड्यांत. नात्यातलं लग्न किंवा घरात एखादं मूल कारण न कळता गेलेलं असेल, तर मोठा पॅनेल करावा, आणि तोही जनुकीय समुपदेशकाशी बोलून. रिपोर्ट चांगला आला म्हणजे धोका शून्य झाला असं नाही, खूप कमी झाला.

सायप्रसमध्ये चर्चनं लग्नाआधी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली. लग्न करू नका असं म्हटलं नाही, फक्त माहीत करून घ्या. तिथं मेजरची नवी मुलं जवळजवळ जन्मायची थांबली. न्यूयॉर्कच्या एका रबायनं, म्हणजे ज्यू धर्मगुरूनं, टे-सॅक्स या मेंदूच्या आनुवंशिक आजारात स्वतःची चार मुलं गमावली आणि १९८३मध्ये ‘डोर येशोरिम’ ही तपासणीची संस्था काढली. तरुणांना नाव नाही, नुसता नंबर. दोन नंबर कळवायचे, जुळतात की नाही एवढंच उत्तर. म्हणजे पत्रिकाच, पण रक्ताची. छत्तीस गुण जुळवायला आपण वेळ काढतो, त्यात सदतिसावा घालायला भटजींचीही हरकत नसावी.

दोघंही वाहक निघाले तर? लग्न करता येतं. अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन किंवा सोळाव्याच्या सुमाराला गर्भजलावरून बाळाची तपासणी होते. नोंदणीकृत केंद्रात, १९९४च्या कायद्याखाली, आणि मुलगा की मुलगी हे कुणी सांगणार नाही, विचारूही नका. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनंतर अशा गंभीर आजारासाठी २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे. टेस्ट ट्यूबमध्ये गर्भ तपासून मग रुजवणं आहे, ते खर्चिक. दत्तक आहे. काय करायचं ते त्या जोडप्यानं ठरवायचं, चुलत्यानं नाही.

दुसरी चिठ्ठी आली. थांबतो. प्रश्न कागदावर लिहून पुढं पाठवा, आणि नाव घालू नका, सांगली लहान आहे. लग्नाळू पोरांनी घरी जाऊन कपाटातला जुना सीबीसीचा कागद शोधा आणि भागाकार करा. तेराच्या खाली आला तर घाबरायचं नाही, जवळच्या लॅबमध्ये जाऊन ‘एचबीए-टू, एचपीएलसी पद्धतीनं’ एवढंच म्हणा.