देणगीदार तालमीत तयार होतो

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

पत्रिकेत माझा विषय ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रासाठी निधी: कार्यक्रमांचं नियोजन’ असा छापलाय. हे शीर्षक मी दिलेलं नाही, पण त्याला न्याय देईन. शेवटी देईन. मला पाऊण तास मिळालाय, त्यातला बराचसा माझी ओळख करून देण्यात गेला. त्याबद्दल तक्रार नाही. ती ऐकताना हा माणूस कोण आहे, भेटायला हवं एकदा, असं मलाच वाटायला लागलं होतं.

इथे बसलेल्यांपैकी बहुतेक जण ऑर्केस्ट्राचे स्वयंसेवक, मैफलीला तिकिटं तपासतात, खुर्च्या मांडतात, उशिरा आलेल्यांना दाराबाहेर थोपवून धरतात आणि त्यांचे डोळे वटारलेले सोसतात. तेव्हा ऑर्केस्ट्रा तिकिटांवर चालत नाही हे तुम्हाला सांगायला नको. बहुतेक ठिकाणी तिकिटांचा पैसा निम्म्या खर्चालाही पुरत नाही. बाहेरच्या माणसाला वाटतं, कारभार गलथान असणार. तसं नाही. 1966 मध्ये बॉमोल आणि बोवेन या दोन अर्थतज्ज्ञांनी याचं कारण नीट मांडलं. कारखान्यात यंत्रं सुधारली की तेच काम कमी माणसांत होतं. बेथोवनची पाचवी सिम्फनी वाजवायला त्याच्या काळी जेवढी माणसं लागायची आणि जेवढा वेळ लागायचा, साधारण तेवढाच आजही लागतो. बाकीच्या जगातले पगार वाढले की वादकांचेही वाढवावे लागतात, पण अर्ध्या तासाची सिम्फनी वीस मिनिटांत उरकता येत नाही. वाद्यवृंदापुढे उभे राहून तो चालवणारे काही कंडक्टर तसा प्रयत्न करतात, तो भाग वेगळा.

म्हणजे तूट हा अपघात नाही, ती या कलेची प्रकृती आहे. आणि ती भरून काढणारी बिनपगारी माणसं ही ऑर्केस्ट्राची शोभा नसून त्याचा पाया आहेत. लाइपझिगमध्ये 1743 साली सोळा जणांनी पदरमोड करून सोळा वादकांचा संच उभा केला. पुढे त्याचाच गेवांडहाउस ऑर्केस्ट्रा झाला. सिनसिनाटीचा ऑर्केस्ट्रा 1890च्या दशकात बायकांच्या एका मंडळाने उभा केला. अध्यक्ष होत्या हेलन टॅफ्ट. त्यांचे यजमान पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. ऑर्केस्ट्राची तूट सांभाळलेल्या बाईंना देशाचं काय अवघड वाटलं असेल?

न्यूयॉर्कची गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्यातल्या समितीवाल्यांना झोंबेल. तिथला फिलहार्मोनिक 1842 पासून वादकच चालवत होते. जमा झालेला पैसा आपसात वाटून घ्यायचे, आणि तो दिवसेंदिवस आटत चालला होता. 1909 मध्ये मेरी शेल्डन या बाईंनी आणि इतरांनी तुटीची हमी घेतली, संस्थेची घडी नव्याने बसवली आणि संगीतकार माहलरला कंडक्टर म्हणून आणलं. दोनच वर्षांत माहलरची बायको आल्मा वर्तमानपत्रवाल्यांना सांगत होती की व्हिएन्नात बादशहाचीसुद्धा ज्याला हुकूम सोडायची छाती नव्हती, त्याला न्यूयॉर्कमध्ये दहा बायका कळसूत्री बाहुलीसारखं नाचवत होत्या. माझी सहानुभूती दोन्हीकडे आहे. ज्याने हमी घेतली त्याला कार्यक्रमपत्रिकेत बोट घालावंसं वाटणारच, आणि ते बोट बाहेर काढण्याचं काम कुणी तरी करायलाच हवं. पण त्या बायका नसत्या तर माहलरच्या हाताखाली वाजवायला त्या शहरात धड ऑर्केस्ट्रा उरला असता का, हे आल्माबाईंना कुणी विचारलं नाही.

आता माझी आवडती गोष्ट. माझ्याबरोबर काम करणाऱ्यांनी ती ऐकली आहे, त्यांनी थोडा वेळ चहा घेऊन यायला हरकत नाही.

फेब्रुवारी 1827. बेथोवन व्हिएन्नात अंथरुणाला खिळला होता. पोटात पाणी होत होतं, डॉक्टर ते पुन्हा पुन्हा काढत होते. पैसे संपतील या धास्तीने त्याने लंडनला पत्रं धाडली. तिथल्या फिलहार्मोनिक सोसायटीने त्याच्या मदतीसाठी मैफल करायची तयारी पूर्वी दाखवली होती, ती आता करावी, अशी विनंती. ही सोसायटी 1813 साली व्यावसायिक संगीतकारांनी मिळून काढलेली, दरबाराच्या जिवावर चालणारी नव्हे. आणि बेथोवनचा तिला आधीचा अनुभव काय? नव्या सिम्फनीसाठी तिने त्याला पन्नास पौंड देऊ केले होते. ती म्हणजे नववी. पैसे लंडनचे, पण पहिला प्रयोग झाला 1824 मध्ये व्हिएन्नात, आणि अर्पण केली कुणाला, तर प्रशियाच्या राजाला! आपल्यापैकी कुणाच्या प्रायोजकाच्या वाट्याला हे आलं असतं तर त्याने पुढच्या वर्षी फोनसुद्धा उचलला नसता.

सोसायटीने काय केलं? बैठक घेतली आणि मैफलीपोटी आगाऊ शंभर पौंड लगोलग पाठवले. उपसमिती नेमली नाही, तीन वर्षांचे ताळेबंद मागवले नाहीत. 18 मार्चला बेथोवनने आभाराचं पत्र लिहवून घेतलं. त्यात म्हटलं की एक नवी सिम्फनी आराखडा करून टेबलात ठेवली आहे, बरा झालो की तुमच्यासाठी पुरी करतो. निधी उभारणीवर व्याख्यानं देणाऱ्या प्रत्येकाने हे पत्र अभ्यासावं. माणूस मरणाच्या दारात आहे, पण देणगीदाराला पुढच्या वर्षीचा कार्यक्रम सांगायला चुकत नाही. आठ दिवसांनी, 26 तारखेला, तो गेला.

आणि मग घोटाळा झाला. सामानाची झडती घेताना एका चोरकप्प्यात बँकेचे सात शेअर सापडले. लंडनमध्ये कुरबुर सुरू झाली. पैसे होते तर मागितले कशाला? आम्हाला बनवलं की काय? पैसे परत मागण्यापर्यंत बोलणी गेली. पण ते शेअर त्याने पुतण्यासाठी, कार्लसाठी राखून ठेवले होते. त्याच्या लेखी ते स्वतःचे नव्हतेच. दुखण्यात मोडायचे नाहीत म्हणजे नाहीत.

ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा का सांगतो? तर प्रत्येक शहरात, प्रत्येक स्वयंसेवकाला कुणी ना कुणी विचारतंच, ‘तुमच्या ऑर्केस्ट्राकडे एवढा कायम निधी आहे म्हणे, मग आमच्याकडे कशाला हात पसरता?’ तेव्हा त्याला बेथोवनचे सात शेअर सांगा. कायम निधीची मुद्दल मोडता येत नाही. ती पुढच्या पिढीच्या वादकांची असते. आपल्याला मिळतो तो त्याचा वार्षिक लाभ, आणि तोही पुष्कळदा देणाऱ्याच्या अटींत बांधलेला. कुणी एखाद्या वादकाच्या खुर्चीला आपलं नाव देतं, कुणी मुलांच्या शिष्यवृत्तीला देतं. हार्प गाडीत चढवून सभागृहापर्यंत नेण्याच्या भाड्याला आपलं नाव द्यावं, असं अजून कुणाला वाटलेलं नाही. सत्तेचाळीस तारांचं ते धूड उचलताना मी दर वेळी एखाद्या उदार माणसाची वाट पाहतो.

(चिठ्ठी आली आहे. पंधरा मिनिटं. ठीक आहे.)

आता खरी तक्रार. निधी म्हटलं की समितीच्या डोळ्यांसमोर येतं ते भव्य भोजन. फुलं, झुंबरं, जाड कागदावरची निमंत्रणं, लिलाव. मी त्या भोजनांच्या विरोधात नाही, एका मर्यादेत. पण दुसऱ्या दिवशी हिशोब मांडा. सभागृहाचं भाडं, सजावट, छपाई, जेवण वजा करा. नंतर, जे कुणी करत नाही ते करा, स्वयंसेवकांनी महिनोन्महिने घातलेले तास मोजा. बऱ्याचदा चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला निघतो. शिवाय त्या संध्याकाळी संगीत किती? मागे चार वादकांची एक चौकडी वाजवत असते आणि लोक तिच्यापेक्षा मोठ्याने बोलत असतात. ऑर्केस्ट्रासाठी जमलेली माणसं ऑर्केस्ट्राकडे पाठ करून बसलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. व्हायोला, म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, वाजवणाऱ्याने मला नंतर विचारलं, ‘आम्ही थांबलो असतो तर कुणाला कळलं असतं का?’ मी विषय बदलला.

सगळेच कार्यक्रम असे नसतात. लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकच्या मदतीसाठी 1948 मध्ये पासाडेनात स्वयंसेविकांची एक समिती निघाली. 1960च्या दशकापासून त्या एक जुनं मोठं घर घेतात, गृहसजावटकार त्यातली एकेक खोली नव्याने सजवतात, आणि लोक तिकीट काढून ते घर बघायला येतात. हे चालतं, कारण तिकीट घेणाऱ्याला बघायला खरंच काही मिळतं. संगीतकार हँडेलच्या ‘मसाया’ या गायनरचनेचा पहिला प्रयोग, डब्लिन, 13 एप्रिल 1742, तोही निधीसाठीच होता, दोन रुग्णालयांसाठी आणि कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांसाठी. बायकांनी झगा फुगवणारी कडी न घालता यावं आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवाव्यात, असं आधी छापून जाहीर केलं होतं. जागा वाचेल, जास्त माणसं मावतील, धर्मकार्याला जास्त पैसे मिळतील! 142 कैदी सुटले. थाटमाट कमी केला आणि उत्पन्न वाढलं. आमच्या सजावट समितीला मी हे सांगितलं, तेव्हापासून तिच्या बैठकांची निमंत्रणं मला येत नाहीत.

मग माणसं जोडायची कुठे? माझ्या मते खोडरबराच्या टेबलावर.

नवीन असलेल्यांसाठी सांगतो. स्वामित्वहक्क शाबूत असलेल्या रचनांच्या वाद्यनिहाय प्रती बहुधा विकत मिळत नाहीत, भाड्याने आणाव्या लागतात. गज वर कधी, खाली कधी, हे कॉन्सर्टमास्टर, म्हणजे पहिल्या व्हायोलिनांचा म्होरक्या, ठरवतो आणि ते पेन्सिलीने प्रत्येक प्रतीवर उतरवलं जातं. मैफल झाली की खुणा पुसून प्रती परत करायच्या, नाहीतर दंड. पुसायला कोण बसतं? आपण. आणि त्या खुणा वाचता वाचता माणूस फसतो. एका स्टँडवर दोघं वाजवतात, आतल्या बाजूचा पान उलटतो. त्याच्या पानाच्या कोपऱ्यात ‘पटकन!!’ असं दोन उद्गारचिन्हांसह लिहिलेलं असतं. एखाद्या अवघड जागी चष्म्याचं छोटं चित्र काढलेलं असतं, म्हणजे इथे कागदाकडे नको, कंडक्टरकडे बघ. व्हायोलांच्या प्रतीत एका लांबलचक विश्रांतीवर कुणी झोपलेलं मांजर रेखलं होतं. ते पुसायला आमच्यातला एक जण तयार होईना. हा गृहस्थ आयुष्यभर हिशेबनिसाची नोकरी केलेला, संगीताचा गंध नाही, शेजाऱ्याने ओढून आणला म्हणून आलेला. त्याने विचारलं, ‘इतक्या वेळा थांबून, इतकं लिहून मग ते वाजतं?’ मी म्हटलं, ‘तालमीला या.’ आला. मागच्या रांगेत बसला. कंडक्टरने त्याच चार मात्रा पुन्हा पुन्हा घेतल्या, बासून हे फुंकायचं वाद्य वाजवणारा दुसरा वादक प्रत्येक वेळी केसभर उशिरा, आणि मग एकदा तो बरोबर पडला आणि अख्खा ऑर्केस्ट्रा हसला. आमचे हिशेबनीस आजही नेमाने देणगी देतात, आणि वर्गणीदारांची यादी तर माझ्यापेक्षा त्यांना चोख पाठ आहे. ते भोजनाला एकदाही आलेले नाहीत.

(हो, दिसली दुसरी चिठ्ठी. पाच मिनिटं. मी विषयावरच येतोय.)

तर नियोजन. भराभर सांगतो.

कार्यक्रमातून पैसा येत नाही, ज्यांना पैसा मागता येईल अशी माणसं येतात. म्हणून कार्यक्रमाची तारीख ठरवायच्या आधी, येणाऱ्यांपैकी कुणाला पुढच्या आठवड्यात कोण फोन करणार, ते ठरवा. ही यादी नसेल तर कार्यक्रम रद्द करा, सगळ्यांची झोप तरी होईल.

तालीम दाखवायची तर शेवटची किंवा तिच्या आधीची दाखवा. पहिलं वाचन चालू असताना कुणी बघितलेलं वादकांना आवडत नाही, आणि ते बरोबर आहे. त्यांना आधी विचारा. पाहुणे थोडेच ठेवा, शेजारी एक स्वयंसेवक बसवा आणि त्याला बोलू देऊ नका. आत जाण्यापूर्वी पाहुण्याला एकच गोष्ट सांगा, उदाहरणार्थ, आज हॉर्नवर लक्ष ठेवा. सगळं समजावून सांगितलं की माणूस ऐकायचा थांबतो.

मुलांसाठी वाद्यं हाताळायचा कार्यक्रम ठेवा. फुंकून वाजवायच्या वाद्याचा मुखभाग दर मुलामागे पुसून काढायला एक जण फक्त त्याच कामाला लागतो, हे धरूनच माणसं नेमा. ट्राँबोनमधून पहिला भसाडा आवाज काढलेलं मूल आईबापांना मैफलीला घेऊन येतं, हे मी अनेकदा पाहिलंय. त्या टेबलावर मात्र पैसे मागू नका.

मागताना तोंडाने मागा, समोर बसून मागा, आकडा सांगून मागा. आणि शक्यतो बिनअटीचा पैसा मागा, कारण हार्पचं भाडं त्यातूनच जातं. आकडा सांगितल्यावर गप्प बसा. आपल्याला ती शांतता सोसत नाही, मग आपणच ‘नाही जमलं तरी चालेल’ म्हणून मोकळे होतो.

पहिल्या देणगीपेक्षा दुसरी महत्त्वाची. आभाराचं पत्र आठवड्याच्या आत जावं आणि ते वादकाने हाताने लिहिलेलं असावं. दोन ओळी पुरतात. खाली नाव आणि वाद्य.

ताळेबंद कसा वाचायचा, हा माझा सहावा मुद्दा होता, तो अध्यक्षांनी घड्याळाकडे बघून गिळायला लावलाय. प्रश्नोत्तरात कुणी विचारलंत तर उपकार होतील. दाराजवळ एक कागद ठेवलाय, खोडरबराच्या टेबलासाठी नावं हवी आहेत. संगीत यायला हवं असं नाही, नजर बरी असली की झालं. फक्त शाईचं पेन घेऊन कुणी त्या टेबलाशी येऊ नका.